कानाला खडा

मराठीत माणसाला ताळ्यावर आणायचं सगळं काम कानाकडे सोपवलेलं आहे. पोर चुकलं की त्याचा कान धरायचा, फारच चुकलं तर पिळायचा. कोणी कोणाच्या विरुद्ध भरवलं तर कान फुंकले, समज दिली तर कानउघाडणी केली. ती समजही ज्याची त्यानंच द्यावी, म्हणून सोनाराने कान टोचावे. आणि एखादी गोष्ट पुन्हा म्हणून करायची नाही असं ठरलं की कानाला खडा. आमचे आजोबा सांगत, त्यांच्या शाळेतले मास्तर खरोखरच कानाच्या पाळीखाली बारीक खडा धरत आणि वरून अंगठ्यानं दाबत. दुखायचं थोडंच, पण आठवण आठवडाभर राहायची. मोह आत शिरतो जिभेवाटे, डोळ्यांवाटे, नाकावाटे. शिक्षा मात्र कानाला. बिचाऱ्यानं काय केलं होतं, असा प्रश्न मला लहानपणापासून पडे.

हा वाक्प्रचार अक्षरशः खरा झालेला मी पाहिला तो माळव्यात. खड्याच्या जागी मेथीचा दाणा होता, कानाच्या खळगीत चिकटपट्टीखाली बसवलेला, आणि कान होता माझ्या दाजींचा.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं माहेर सोलापूरचं, हूमड दिगंबर. ताईला धारला दिली तेव्हा आईला वाटलं, पोरगी परमुलखात चालली. पण धार काय, देवास काय, दोन्ही पवारांची संस्थानं. दुसरा बाजीराव जन्मला तो धारच्या किल्ल्यात, १७७५ साली. तिथल्या जुन्या आळ्यांतून मराठी अजून नांदते, जराशी हिंदीच्या अंगानं वाकलेली. ताई आता फोनवर मला ‘काय करून राहिलीस?’ असं विचारते, आणि मला ते गोड वाटतं. घरात मराठी, दुकानात हिंदी, गिऱ्हाइकाशी माळवी, आणि बाजाराच्या दिवशी येणाऱ्या भिल्ल मंडळींशी त्यांच्या बोलीतले मोडकेतोडके शब्द, असा दाजींचा कारभार. दुकान कापडाचं. माणूस सरळ, हिशेबाचा चोख. आणि तोंडात विडी, वयाच्या पंधराव्या वर्षापासून.

जैन घरात विडी ही नुसती वाईट सवय नसते. आधी ती हिंसा असते. अग्नीचेही जीव, वायूचेही जीव. एक काडी ओढली की अग्निकायिकांची विराधना, एक झुरका मारला की वायुकायिकांची. ताईच्या सासूबाईंनी याचा रोखठोक हिशेब ठेवला होता. त्या संध्याकाळी काडेपेटीतल्या काड्या मोजत. ‘सकाळी चाळीस होत्या, आता बारा आहेत, आणि गॅस लायटरनं पेटतो,’ एवढंच म्हणत आणि सामायिकाला बसत. भांडण असं कधी नाही. पण त्या मोजणीचा आवाज दाजींना दुकानात बसूनही ऐकू येत असावा.

दाजी वादाला तयारच असत. ‘सप्तव्यसनांत तंबाखू कुठंय, दाखवा,’ म्हणत. जुगार, मांस, मद्य, वेश्या, शिकार, चोरी, परस्त्री. सात मोजून झाले, तंबाखू नाही! आणि त्यांचं चूकही नव्हतं. श्रावकाचारावर ‘सागारधर्मामृत’ लिहिणारे पंडित आशाधर तेराव्या शतकातले, आणि ते याच मुलखातले. आधी धारेत राहिले, मग धार-मांडू रस्त्यावरच्या नालछ्यात वर्षानुवर्षं लिहीत बसले. पण तेराव्या शतकात तंबाखू या देशात होताच कुठं? तो पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेहून आला. अकबराच्या दरबारात तो पहिल्यांदा पोचला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. असद बेग नावाच्या सरदारानं विजापुराहून नेला, आणि पुढं जहांगिरानं १६१७ साली त्यावर बंदी घातली. म्हणजे आशाधरांनी ज्याचा धूर पाहिला नाही त्याची यादी ते कशी करणार? त्यांना दिसला असता तर आठवं व्यसन झालं असतं, असं मी दाजींना म्हटलं. ते हसले आणि काडी ओढली.

विडीचा आणि माझ्या माहेराचाही संबंध आहे, तो मी नाकारू शकत नाही. सोलापुरात हजारो बायका घरी बसून सुपात पानं घेऊन विड्या वळतात. तेंदूचं पान मध्य प्रदेशच्या जंगलांतूनही येतं. उन्हाळ्यात, वैशाखाच्या तापात, तोडणारे पन्नास-पन्नास पानांच्या जुड्या बांधतात. अशा हजार जुड्यांचं एक पोतं. १९६४च्या कायद्यानं हा व्यापार मध्य प्रदेश सरकारनं आपल्या हाती घेतला. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला, बागलीकडच्या जंगलातही ही तोडणी चालते. पान तोडणारी बाई गरीब, विडी वळणारी बाई गरीब, आणि ओढणारा बहुतेक गरीबच. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले ७.७ टक्के प्रौढ विडी ओढणारे निघाले, सिगारेटवाले ४ टक्के. कोणत्याही रूपात तंबाखू घेणारे देशात २८.६ टक्के, महाराष्ट्रात २६.६ आणि मध्य प्रदेशात ३४.२. म्हणजे माळव्यात दर तिसरा माणूस. दाजी एकटे नव्हते.

दाजींच्या बाबतीत धूर गेला पायात.

आपल्याला वाटतं विडीचा घाव फुप्फुसावर, फार तर तोंडावर. एका पावसाळ्यात त्यांच्या डाव्या पोटरीत चालताना गोळा यायला लागला. बाजारापर्यंत जाईतो दोनदा थांबावं लागे. मग रात्री तळवा जळजळू लागला, पाय लोंबता ठेवला की बरं वाटे. मग अंगठ्याशेजारच्या बोटाला नखाजवळ जखम झाली ती भरेना. साखर तपासली, ठीक. इंदूरच्या सर्जननी पायाच्या नाड्या चाचपल्या, तपासण्या केल्या आणि नाव सांगितलं, बर्गरचा आजार. लिओ बर्गर नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांतल्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्यांनी बंद होतात. होतो तो तंबाखू घेणाऱ्यांनाच, बहुधा पंचेचाळिशीच्या आतल्या पुरुषांना, आणि आपल्याकडे विडीवाल्यांत बराच. दाजी एकेचाळीसचे होते.

सर्जन ताईला म्हणाले, ‘औषधं देतो, पण खरं औषध एकच आहे. विडी पूर्ण बंद. कमी करणं नाही, बंद. दिवसाला एक ओढली तरी आजार चालू राहतो. विडी राहील किंवा पाय राहील.’

ताईनं विचारलं, मग ते निकोटीनचं च्युइंगगम देऊ का? ते तर मेडिकलच्या दुकानात मिळतं. सर्जननी मान हलवली. एरवी ते चांगलं साधन. विडी सोडू पाहणाऱ्यांना त्यानं खरीच मदत होते. पण बर्गरमध्ये निकोटीनच वैरी. ते विडीतून आलं काय, गमातून आलं काय, धोका तोच. म्हणजे ज्या काठीच्या आधारानं इतर लोक ही नदी ओलांडतात ती काठीच यांना वर्ज्य. त्यांनी निकोटीन नसलेल्या गोळ्यांचा काही आठवड्यांचा कोर्स लिहून दिला आणि पाकिटावर छापलेला क्विटलाइनचा नंबर दाखवला.

गोळ्या सुरू व्हायच्या आधीच घरात दुसरा उपाय झाला. चातुर्मास होता. मुनिमहाराज गावात होते. प्रवचनानंतर सासूबाईंनी मुलाला उभं केलं आणि दाजींनी भरसभेत तंबाखूचा आजीवन त्याग घेतला. लोकांनी जयजयकार केला. चौदा दिवस पाळला. पंधराव्या दिवशी गोदामाच्या मागं धूर दिसला. त्यानंतर दाजींनी मंदिराची पायरी चढायचं सोडलं. विडी मोडली असती तर घर सावरलं असतं. मोडलं व्रत, आणि घर गप्प झालं. काड्या मोजणंही बंद झालं. ताई मला म्हणाली, ‘सासूबाई मोजत होत्या तेव्हा बरं होतं गं. आता त्यांनी आशाच सोडली.’

देवासचं नाव निघालं ते या काळात. दुकानातल्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं, देवासला एक बाई आहेत, कानात सुया लावतात, त्यानं विडीची तलफ उतरते. दाजी म्हणाले, चला, तेही करू. दिवाळीला मी गेले होते, म्हणून पहिल्या खेपेला त्यांच्याबरोबर मी निघाले. धारहून बसनं इंदूरचा गंगवाल स्टँड, तिथून सरवटे, तिथून देवासची बस; सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. दाजींचा पाय दुखत होता, आणि गंगवालला उतरल्या उतरल्या हात खिशाकडे गेला. मी समोरच उभी होते म्हणून खिशातून रुमाल निघाला.

देवास मला आवडतं. टेकडीवर दोन देवी, तुळजाभवानी आणि चामुंडा. खाली एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. स्वातंत्र्य येईपर्यंत दोन राजे, दोन दरबार. याच गावात १९४८ साली कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन आले, कोरड्या हवेसाठी. गाणं बंद करायला सांगितलेलं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी. काही वर्षं अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, आणि पुन्हा गायला उठले ते उरलेल्या श्वासाचा नवा हिशेब मांडून. टेकडीखालच्या रस्त्यानं जाताना मी दाजींना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प चालले, मग म्हणाले, ‘त्यांना एका फुप्फुसात गाता आलं, आणि मला दोन असून बाजारापर्यंत जाता येत नाही.’

बाईंची खोली साधी होती. भिंतीला लागून सहा खुर्च्या, एक टेबल, कानाचा मोठा नकाशा. नकाशात कानावर एक उलटं बाळ काढलेलं होतं, डोकं पाळीकडे, पाय वर. हे चित्र चीनचं असेल असं मला वाटलं होतं, निघालं फ्रान्सचं. लियाँ गावच्या पॉल नोजिए या डॉक्टरांना १९५०च्या दशकात असे काही रुग्ण भेटले, की त्यांच्या कानावर एकाच जागी भाजल्याचा डाग होता. मांडीतून उतरणाऱ्या सायटिकाच्या कळेवर एक वैदू बाई कानाला डाग देई आणि त्यांना उतार पडे. आपल्याकडे डाग देणारे काय कमी आहेत? पण नोजिएंनी त्या डागावर विचार केला आणि अख्ख्या शरीराचा नकाशा कानावर मांडला. पुढं चिनी डॉक्टरांनी तो उचलला आणि आपल्या परीनं वाढवला.

व्यसनाशी त्याची गाठ पडली ती आणखी पुढं. १९७२ मध्ये हाँगकाँगचे मेंदूचे शल्यविशारद डॉ. वेन शस्त्रक्रियेआधी वेदना कमी करायला एका रुग्णाला विजेच्या सुया लावत होते. तो अफूबाज निघाला, आणि म्हणाला की माझी तलफ गेली. मग त्याच दशकात न्यूयॉर्कमधल्या साउथ ब्रॉन्क्सच्या गरीब वस्तीत, लिंकन हॉस्पिटलमध्ये, हेरॉइन सोडवायला कानाच्या सुया वापरू लागले. तिथं पाच जागा ठरल्या आणि त्या जगभर गेल्या. माणसं एका खोलीत गोल बसतात, कानात पाच-पाच सुया, अर्धा-पाऊण तास, कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही.

आणि भारतात सुयांची ही विद्या आणली कोणी? डॉ. बिजय कुमार बसूंनी, कलकत्त्याला, १९५९ साली. हे बसू म्हणजे १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचांपैकी एक. त्याच पथकात होते आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस सर्जन होते, सुयांशी त्यांचा संबंध नाही, आणि ते १९४२ मध्ये तिथंच गेले. पण शाळेत असताना ज्यांच्या गोष्टीवर निबंध लिहिला त्यांच्या सोबत्यामुळे ही सुई देवासपर्यंत आली, हे कळल्यावर त्या खोलीत मला जरा कमी परकं वाटलं.

बाईंनी पाकीटबंद सुया फोडल्या, कान स्पिरिटनं पुसला. केसासारख्या सुया. शेनमेन, सिंपथेटिक, मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, अशी नावं घेत प्रत्येक कानाला पाच. फुप्फुसाची जागा कानाच्या मधल्या खळगीत. दाजींनी एकदा ‘स्स’ केलं आणि मग डोळे मिटले. शेजारच्या खुर्चीवर ट्रक चालवणारा एक जण होता, पलीकडे निवृत्त गुरुजी. पाऊण तास कोणी बोललं नाही. देवळातल्या घंटा ऐकू येत होत्या. मी दाजींकडे पाहत होते. त्यांच्या हाताची दोन बोटं, विडी धरायची, पिवळी झालेली, मांडीवर स्वस्थ पडली होती. इतका वेळ ती रिकामी मी कधी पाहिली नव्हती.

निघताना त्यांनी कानात मेथीचा दाणा चिकटवून दिला. तलफ आली की दाबायचा, पन्नास वेळा, सावकाश. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, हे काय? मेथी म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. अख्खा दाणा सचित्त. पेरला तर उगवेल, म्हणजे त्यात जीव आहे. तो दिवसभर कानात चेपत ठेवायचा? पुढच्या खेपेला ताईनं घरून दाणे नेले, तव्यावर खरपूस भाजलेले. आता अचित्त. देवासच्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘दाब पडल्याशी मतलब, भाजलेला चालेल.’ मला मात्र आनंद वेगळ्याच गोष्टीचा झाला. दाणे सासूबाईंनी स्वतः भाजले होते. किती तरी महिन्यांनी त्यांनी मुलाच्या विडीच्या कामात हात घातला होता.

मग विडी सुटली का? पहिले तीन दिवस वाईट गेले. ते कोणाचेही जातात, निकोटीन उतरताना शरीर तेव्हाच सगळ्यात जास्त ओरडतं. चिडचिड, झोप नाही, गिऱ्हाइकावर डाफरणं. पण एक गोष्ट त्यांना कळली. तलफ लाटेसारखी येते आणि चार-पाच मिनिटांत ओसरते. पन्नास वेळा दाणा दाबायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

मी त्या दिवसांत जे मिळेल ते वाचत होते. सगळ्या जगातल्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन समूहानं २०१४ मध्ये अॅक्युपंक्चर आणि धूम्रपानावरच्या ३८ अभ्यासांचा आढावा घेतला. खऱ्या जागी सुया टोचलेले आणि मुद्दाम चुकीच्या जागी टोचलेले, यांची तुलना. सुरुवातीच्या काळात खऱ्या सुयांचा थोडाफार फायदा दिसतो; पण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ विडी सुटलेली राहते, याला भरवशाचा पुरावा नाही. निकोटीनच्या गम-पट्ट्यांपुढे सुया कमीच पडतात. त्या गम-पट्ट्यांनी सुटण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास जाते. दुसरीकडे, कानाच्या त्या खळगीत व्हेगस नावाच्या मोठ्या मज्जातंतूची एक फांदी येते हे खरंच आहे. तोच मज्जातंतू खाली घशाला, हृदयाला, फुप्फुसाला, पोटाला जातो. कानात काडी घातली की काहींना खोकला येतो तो त्यामुळेच. म्हणजे कान आणि छाती यांचं नातं कवीकल्पना नाही. पण नातं असणं वेगळं आणि विडी सुटणं वेगळं.

हे मी ताईला सांगितलं. दाजींना सांगायचं का, असं विचारलं. ती म्हणाली, सांगूया. जैनाच्या घरात औषधाबद्दल खोटं बोलून उपयोग नाही. दाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘म्हणजे सुई विडी सोडवत नाही. बरं. पण देवासला जायला सहा तास लागतात, आणि त्या सहा तासांत मी ओढत नाही. हे तर मोजता येतं ना?’ हिशेबी माणूस.

फाल्गुनात घसरले. होळीआधीचा आठवडा, भगोरियाचे बाजार. धार-झाबुआकडच्या कापड दुकानदाराची वर्षाची कमाई त्या सात-आठ दिवसांत. दुकान ओसंडून वाहत होतं. जुना ओळखीचा एक पाटील आला, सौदा झाला, त्यानं कानामागची विडी काढून पुढं केली. तिथं विडी नाकारणं म्हणजे चहा नाकारणं. दाजींनी घेतली. त्या आठवड्यात पंधरावीस झाल्या असतील. चैत्रात बोट काळं पडलं आणि इंदूरला ते काढावं लागलं. अंगठ्याशेजारचं एक बोट. सर्जन म्हणाले, आता पुढचा हिशेब पावलाचा.

यावेळी ताईला उपाय सापडला तो शेजारी. शेजारच्या काकू श्वेतांबर, दर पौर्णिमेला मोहनखेड्याला जाणाऱ्या. त्यांच्याकडे गंठसी नावाचं पच्चक्खाण असतं. रुमालाला गाठ मारायची. गाठ आहे तोवर तोंडात काही घालायचं नाही. सोडायची तर आधी तीन नवकार म्हणायचे. काकू म्हणाल्या, ‘आजीवन कशाला घेतलंत? एवढं ओझं एकदम उचलतं का कोणी? दोन घडीचं घ्या.’ दोन घडी म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. आम्हा दिगंबरांत हा रुमाल नाही. पण समंतभद्रांच्या रत्नकरंडकात भेद केलेला आहेच, काळाची मर्यादा घालून केलेला त्याग तो नियम, आणि जन्मभराचा तो यम. दाजींना भरसभेत उभं करून सरळ यमाला बसवलं होतं. नियमाची पायरी कोणी दाखवलीच नव्हती.

मग रोज सकाळी दुकान उघडताना रुमालाला गाठ. दोन घडी झाल्या की सोडायची, णमोकार म्हणायचा, पुन्हा मारायची. सुरुवातीला दिवसातून आठदहा वेळा. मग सकाळची एक, दुपारची एक. गोळ्यांचा कोर्स यावेळी पुरा केला. क्विटलाइनला, १८००-११-२३५६ वर, ताईच नंबर लावून फोन त्यांच्या हातात देई. पलीकडचा मुलगा हिंदीतून शांतपणे विचारी, आज कितवा दिवस? आणि दर शनिवारी देवास. सुया, पाऊण तास, भाजलेला दाणा.

आता दोन वर्षं होऊन गेली. पाऊल शाबूत आहे. पोटरीत गोळा येतो, पण बाजारापर्यंत न थांबता जातात. श्रेय कोणाला द्यायचं यावर घरात चार मतं आहेत. सासूबाई म्हणतात णमोकाराला. इंदूरचे सर्जन म्हणतात गोळ्यांना आणि भीतीला. ताई फोनवरच्या त्या मुलाला देते. चाचण्यांचं विचाराल तर गोळ्या आणि समुपदेशन यांच्या बाजूनं पुरावा आहे, सुयांच्या बाजूनं फारसा नाही, आणि गाठीच्या रुमालावर कोणी चाचणी केलेली नाही. माझं मत विचाराल तर एवढंच, की निश्चय मनात ठेवला तर तो पंधरा दिवस टिकतो. त्याला शरीरावर एखादी जागा लागते, कानात, रुमालात, मुठीत, जिथं बोट टेकवता येईल. आणि तलफेच्या चार मिनिटांत शेजारी कोणी तरी बसावं लागतं, प्रश्न न विचारता. आपल्या जुन्या लोकांनी कानाला खडा म्हटलं, तेव्हा त्यांना यातलं निम्मं ठाऊक असावं. दुसरं निम्मं ठाऊक होतं देवासच्या त्या खोलीतल्या ट्रकवाल्याला आणि गुरुजींना.

अलीकडे दुकानात लोक दाजींना कानाच्या सुयांचा पत्ता विचारतात. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. आधी डॉक्टर. पाय दुखत असेल तर आजच. मग फोन नंबर, तो ते गल्ल्याच्या पाटीवर खडूनं लिहून ठेवतात. गम चालेल की नाही हे डॉक्टरला विचारूनच. ‘आणि देवास?’ असं विचारलं तर म्हणतात, ‘जा की. सुई टोचून घ्या, पण एकटे जाऊ नका, बायकोला घेऊन जा. वाटेत गंगवाल स्टँड लागतो.’